टपावरचे तारण

दागिने बँकेच्या लॉकरात ठेवायचे आणि लॉकरची किल्ली दारातल्या पायपुसण्याखाली, अशी काही मंडळी असतात. त्यांची नवी आवृत्ती हल्ली रविवारी पहाटे पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर दिसते. खाली मोटार, टपावर कार्बनची सायकल आणि दोघींच्या मध्ये बाजारातला सर्वांत स्वस्त कॅरिअर!

पूर्वी सायकल टपावर जायची ती एस. टी.च्या. हमाल तिला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी काथ्याच्या दोरीने करकचून बांधायचा. ती सायकल लोखंडाची, वीसेक किलोची. तिला दोरीचे काही वाटत नसे. कार्बनची सायकल सात-आठ किलोंची. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोंच्या खाली जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे. नाहीतर लोकांनी एव्हाना नुसत्या हवेची सायकल केली असती.

हा कार्बन म्हणजे केसाहून बारीक तंतू राळेत बसवून केलेली नळी. ज्या दिशेने जोर यायचा, त्या दिशेला ती पोलादाला हार जात नाही. पण बाजूने चिमटीत धरून आवळलीत, तर आतल्या आत चिरते आणि वरचा रंग जसाच्या तसा! आमच्या काही थकबाकीदारांसारखेच: वरून इस्त्री, आतून भेग. आणि स्वस्त कॅरिअरचा पंजा बहुधा नेमकी हीच नळी धरतो.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना मी हे समजावू गेलो. ते म्हणाले, "अहो, पण अडीच हजारांत मिळाला!"

"आणि सायकल केवढ्याची?"

"दोन लाख दहा हजार."

"मग दोन लाख साडेबारा हजारांत मिळाला म्हणा!"

परवडणारा म्हणजे स्वस्त नव्हे, हे माझे म्हणणे आहे. सायकलीची फक्त चाके धरणारा, नळीला बोटही न लावणारा कॅरिअर उत्तम, पण महाग. त्याच्या खालोखाल, पुढचे चाक काढून चिमटा तळाशी अडकवणारा. तो खिशाला झेपतो. मात्र आधी आस मोजा. जुन्या पद्धतीची ९ मिलिमीटरची, डिस्कब्रेकच्या नव्या सायकलींची बहुधा १२ची. एकीचा कॅरिअर दुसरीला बसत नाही.

त्याआधी टप बघा. काही मोटारींच्या टपावरचे दांडे निव्वळ शोभेचे असतात. टप किती वजन पेलतो, ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. त्यात कॅरिअरचे वजनही धरायचे. शिवाय वारा चक्रवाढीने वसुली करतो: वेग दुप्पट केलात की त्याचा जोर चौपट.

इथवर पैशाचा मामला झाला. ज्याचे पैसे, त्याची हौस; मी कोण बोलणार? पण टपावरून निसटलेली सायकल मालकाच्या अंगावर पडत नाही. ती मागून स्कूटरवर येणाऱ्याच्या अंगावर पडते. बँकेत सहीशिवाय कोणी कोणाचा जामीनदार होत नाही. या स्कूटरवाल्याची सही कोणी घेतली? तुम्ही वाचवलेल्या चार पैशांना त्याची मान तारण! त्याला तुमच्या सायकलीची किंमत ठाऊक नाही, कॅरिअरची तर नाहीच. तो बिचारा मागच्या सीटवर बायको आणि पुढे पोर घेऊन सासुरवाडीला निघालेला असतो.

तेव्हा धड कॅरिअर परवडत नसेल, तर मुळीच घेऊ नका. दोन्ही चाके काढा, मोटारीची मागची सीट पाडा, जुनी गोधडी अंथरा आणि सायकल आत निजवा. खर्च शून्य, वारा शून्य, जामीनदार शून्य. तेही जमत नसेल, तर सायकलीला तिची स्वतःची दोन चाके असतात. तिच्यावर बसून पायडल मारले, तर ती लोणावळ्यापर्यंत आपली आपण जाते, असे ऐकून आहे.