नेमबाजीतील न दिसणारे शिसे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले आणि नेमबाजी घराघरांत चर्चेचा विषय झाली. मात्र या खेळातील आरोग्याचा एक प्रश्न चर्चेत आलाच नाही. तो प्रश्न शिशाचा आहे.

या प्रकारात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. घोडा दाबला की काडतुसाच्या कडेतील स्फोटक मिश्रण पेटते, दारू जळते आणि वायूच्या दाबाने सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी नळीतून सुटते. तिचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, मुद्दाम थोडा कमी ठेवतात. ध्वनीपेक्षा वेगाने सुटलेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगू शकते. मऊ शिसे नळीतील पीळदार खाचांत घट्ट बसते, म्हणून नेम अचूक लागतो.

पण याच मऊ शिशाचा काही अंश घर्षणाने आणि उष्णतेने सुटतो. स्फोटक मिश्रणातही बहुधा शिशाचे संयुग असते. हे सूक्ष्म कण नेमबाजाच्या चेहऱ्याजवळच हवेत मिसळतात. बंदिस्त रेंजवर ते साचून राहतात. एअर रायफलमध्ये दारू नसते. पण छर्रे सहसा शिशाचेच असतात आणि ते हाताळलेल्या बोटांनीच मुले खाऊ खातात.

शरीरात गेलेले शिसे हाडांत अनेक वर्षे टिकते. प्रौढांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गर्भावरही परिणाम होतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यासाठी खेळ सोडण्याची गरज नाही. हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहती ठेवावी. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. रेंजवर खाणेपिणे बंद ठेवावे, साबणाने हात धुवावेत, घरी जाताच कपडे बदलावेत. सर्वाधिक तास रेंजवर काढणारे प्रशिक्षक आणि सफाई कामगार यांच्या रक्तातील शिशाची तपासणी नियमित व्हावी. नव्या रेंजला परवानगी किंवा अनुदान देताना रायफली आणि लक्ष्ययंत्रांबरोबर हवा खेळती आहे का, हेही पाहिले पाहिजे. पालकांनीही प्रवेश घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा.