नुकसान कुणी सोसायचं?

‘झालं गेलं, सोडून द्या’ असं आपण दुसऱ्याला चटकन सांगतो. सांगणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही. ज्याचे पैसे बुडाले, ज्याच्या नावाची गावभर बदनामी झाली, त्याचं मात्र खरोखर काहीतरी गेलेलं असतं. म्हणून माझी विनंती आहे, की क्षमेचा उपदेश करण्याआधी येशूचे दृष्टांत एकदा हिशेबाच्या बाजूनं वाचा. त्यांत कर्ज आहे, मजुरी आहे, वाटणी आहे. कुणाचं किती गेलं, हे तिथं लपवलेलं नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? येशू त्याला सातावर थांबू देत नाही आणि एका राजाची गोष्ट सांगतो. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालांत येणं होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली! योसेफस हा इतिहासकार लिहितो, की त्या काळचा शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला 200 तालांत वसूल मिळत असे. त्या दोन प्रांतांचा पन्नास वर्षांचा वसूल एका माणसाच्या डोक्यावर होता. तरी तो गुडघे टेकून म्हणतो, मुदत द्या, सगळं फेडतो. राजाला कळवळा येतो आणि तो सगळं कर्जच सोडून देतो.

बाहेर पडताच या चाकराला त्याचा सोबती भेटतो. त्याच्याकडे शंभर दिनार येणं होतं. हातावर पोट असलेल्याची शंभर दिवसांची मजुरी ही काही क्षुल्लक रक्कम नाही. ती बुडाली तर राग येणारच, आणि या गोष्टीत कुठंही ते कर्ज खोटं होतं असं म्हटलेलं नाही. चाकर त्याचा गळा धरतो. सोबती जवळपास त्याच शब्दांत विनवतो, पण चाकर त्याला तुरुंगात टाकतो. काही क्षणांपूर्वी हेच आपण म्हणत होतो, हे त्याला ऐकूच येत नाही.

मला वाटतं, या चाकरानं आपल्या कर्जाचा हिशेब कधी केलाच नव्हता. सहा कोटी दिवसांची मजुरी आपण फेडू शकतो, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं मुदत मागितली, माफी मागितलीच नाही. आपलंही बरंचसं असंच होतं. आईनं, नवऱ्यानं, बायकोनं, शेजाऱ्यानं आपलं किती पोटात घातलं, हे आठवायला बसलो तर रात्र पुरायची नाही, कारण त्यांनी ते बोलून दाखवलेलं नसतं. एखाद्यावरचा राग पुन्हा उकळू लागला, की आधी ही आठवण काढा. राग लगेच जाईल असं मी म्हणत नाही. पण गळ्याकडे गेलेला हात थांबेल.

दुसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राची. मराठी घरांना वाटणीचं दुःख वेगळं सांगायला नको. मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा आहे. बापानं दोघांना वाटणी करून दिली आणि धाकट्यानं आपला भाग उडवला. मग तो परत आल्यावर झगा, अंगठी, पुष्ट वासरू आलं कुठून? थोरल्याच्या वाट्यातून! त्यात तो शेतात राबत होता आणि घरातली गाण्याबजावणीची मेजवानी त्याला चाकराकडून कळली. त्याला बोलवायलाही कुणी गेलं नव्हतं. प्रवचनात या थोरल्याला फार बोल लावले जातात, ते मला पटत नाही. त्याची तक्रार खरी होती. बापानंही त्याला झिडकारलं नाही. तो उठून बाहेर आला आणि त्याची विनवणी करत राहिला. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. घरातल्या दुखावलेल्या माणसाला क्षमा करायला सांगायचंच असेल, तर असं त्याच्यापाशी जाऊन, त्याचं ऐकून घेऊन सांगा. आतून हाका मारू नका.

क्षमा मागणाऱ्यालाही थोडं सांगायचं आहे. धाकटा परतला तो मोलकरी म्हणून राहायची तयारी ठेवून. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय यानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत द्यायचं कबूल केलं. तेव्हा ‘चुकलो’ म्हटल्यावर लगेच ‘आता तो विषय काढू नका’ म्हणू नका. काय परत देता येईल ते आधी बघा.

आणि क्षमेच्या नावाखाली मार खाणाऱ्या बाईला त्याच घरात परत धाडू नका. क्षमा केली म्हणून न्याय सोडावा लागत नाही. कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या ग्लॅडिस स्टेन्स यांचा नवरा ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे यांना जानेवारी 1999मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी गाडीत जिवंत जाळलं. मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं त्यांनी जाहीर सांगितलं आणि बारीपद्यातली आपली सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, 2003मध्ये मुख्य आरोपी दोषी ठरला. मनातला सूड सोडणं हे त्यांचं काम होतं, न्याय करणं न्यायालयाचं. दोन्ही झालं.

तुमच्याही मनात आत्ता कुणाचं तरी नाव आलं असेल. राजाच्या गोष्टीच्या थोडं आधी, त्याच अध्यायात, येशूनं पहिली पायरी सांगून ठेवली आहे. भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला त्याचा अपराध दाखवा. नातेवाईक, पंच, मंडळी हे सगळे त्यानंतर. तेव्हा चार जणांना सांगण्याआधी त्या एकाला गाठा. काय गेलं, किती दुखलं, ते नीट सांगा, आणि त्याला उत्तर द्यायला वेळ द्या.