छातीत पाणी झाले, तर यकृताचेही विचारा

‘छातीत पाणी झाले’ म्हटले की आपल्याकडे पहिला शब्द येतो टी.बी.चा. ही शंका चुकीची नाही, क्षयरोग आपल्याकडे आहेच. पण याचे आणखी एक कारण जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असायला हवे. ते म्हणजे लिव्हर सिरॉसिस.

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होत जाते, त्यातून रक्त नीट वाहत नाही आणि पोटात पाणी साठते. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला बारीक छिद्रे असतात. प्रत्येक श्वासाबरोबर पोटातले पाणी त्यांतून वर ओढले जाते आणि फुफ्फुसाभोवती, बहुतेक वेळा उजवीकडे, जमते. सिरॉसिसच्या शंभर रुग्णांत साधारण पाच ते दहा जणांना हे होते. पोट फुगलेले नसतानाही होऊ शकते.

खरा धोका पुढे आहे. आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, थकलेले यकृत त्यांना अडवू शकत नाही आणि छातीतले हे पाणी दूषित होते. न्यूमोनिया नसतानाही हे घडते. ताप येतो, धाप वाढते, छातीत दुखते. कधी ताप येतच नाही, माणूस नुसता असंबद्ध बोलू लागतो. घरातले म्हणतात, ‘पिऊन पिऊन डोके फिरले.’ अशा वेळी दिवस वाया जाणे म्हणजे जीव जाणे.

निदानासाठी सुईने थोडे पाणी काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात आणि जंतूंसाठी ते तपासावे लागते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरीही. संसर्ग असेल तर शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावे लागते. छातीत नळी घालून ठेवली तर मात्र शरीरातली प्रथिने वाहून जातात, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून पू झालेला नसेल तर डॉक्टर सहसा नळी टाळतात. टी.बी.ची काही प्रमुख औषधेही यकृताला इजा करू शकतात. तपासणीविना ती अशा रुग्णाला देणे घातक ठरू शकते. सुरू असलेली औषधे मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. सिरॉसिसच्या रुग्णाला टी.बी.ही असू शकतो.

मैत्रिणींनो, हा विषय बाईचा कसा? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याच्या आदिवासी बायांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. तो वारसा आपण अभिमानाने सांगतो. पण दारूने पोखरलेल्या नवऱ्याची सेवा करणारी बाई आपल्या चर्चेत येत नाही. कपाशी वेचायची किंवा केळीच्या बागेतली मजुरी बुडवून तीच दवाखान्यात बसते. पोत गहाण ठेवते तीही तीच. रात्री धाप मोजते ती, आणि डॉक्टर बोलतात मात्र दिराशी. ज्या बाईला लक्षणे आधी दिसतात, तिलाच त्यांचा अर्थ कोणी सांगत नाही.

आणि बाई स्वतः आजारी पडली तर? सिरॉसिस हा दारुड्याचाच रोग, असा समज आहे. तो काविळीच्या ‘बी’ आणि ‘सी’ विषाणूंमुळेही होतो, मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणाऱ्या यकृतातल्या चरबीमुळेही होतो. दारूला न शिवलेल्या बाईवर यामुळे संशय घेतला जातो, किंवा ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकची बाटली देऊन तिला घरी पाठवतात. तिच्या दुखण्याला घरात शेवटचा नंबर, हे तर आपण जाणतोच.

म्हणून प्रत्येक गटाने एका बैठकीत हा विषय घ्यावा. छातीत पाणी झालेल्या रुग्णाबरोबर जाताना विचारावे: यकृताची तपासणी झाली का? काढलेले पाणी कशासाठी तपासले? अहवालाची प्रत मिळेल का? मनाने वेदनाशामक गोळ्या किंवा झोपेची औषधे देऊ नयेत. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’ काविळीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. ती आपल्या तालुक्याच्या बायांपर्यंत पोचतात का, हे विचारणे आपलेच काम आहे.

दारूचा गुत्ता बंद करणे ही लढाई आहेच. पण ज्या घरात दारू आधीच पोचली आहे, तिथल्या बाईला नुसता धीर देऊन भागणार नाही. तिच्या हाती माहिती द्यायला हवी, आणि डॉक्टरांसमोर प्रश्न विचारण्याचा तिचा हक्क आपण तिच्याबरोबर उभे राहून मिळवायला हवा.