हरलेला बैल

रास अल खैमाहून आम्ही सहकुटुंब फुजैराला बैलांची झुंज बघायला गेलो. तिथे माणूस बैलाला मारत नाही. दोन बैल शिंगं भिडवतात, मागे हटला तो हरला. माणसं दोरी ओढून सोडवतात, झालं!

रात्री ‘ब्लड अँड सँड’ (१९४१) लावला. टायरोन पॉवरचा मॅटाडोर कीर्तीने चढतो, रिटा हेवर्थपायी बायकोला दुरावतो, शेवटी शिंगावर जातो. टाळ्या लगेच दुसऱ्याला! आम्हाला ‘पिंजरा’तले (१९७२) मास्तर आठवले.

आमच्याही टेबलावर बढतीचं पत्र होतं: पगार दुप्पट, पण बिऱ्हाड इथे आणि आम्ही दूर वाळवंटातल्या साइटवर. धाकटी म्हणाली, “बाबा, हरलेला बैलपण घरी गेला ना?”

सकाळी आम्ही नकार कळवला.