युद्धकाळ आणि विद्यार्थ्यांची लेखणी

युद्धाच्या नौबती झडू लागल्या की वडीलधाऱ्यांना विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची एकाएकी फार काळजी वाटू लागते. ज्यांना एरवी महाविद्यालयीन नियतकालिकाचे पानही उलटण्याची सवड नसते, तेच विद्यार्थ्यांनी अशा वेळी लेखणी म्यान करावी असा उपदेश करू लागतात. हा उपदेश केवळ आपल्याच देशात होतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील विद्यापीठांत जे घडले, ते ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

१९४० साली ‘येल डेली न्यूज’ ह्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाची सूत्रे किंगमन ब्रूस्टर ह्या तरुणाच्या हाती होती. अमेरिकेने युरोपातील युद्धापासून अलिप्त राहावे, असे त्याचे ठाम मत होते. येलमध्येच त्या वर्षी ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचा उगम झाला. तीत तो होता, आणि त्याच्याच निमंत्रणावरून ३० ऑक्टोबर १९४० रोजी सुप्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग ह्यांचे तेथे व्याख्यान झाले. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स सेमोर ह्यांचा कल ब्रिटनला साहाय्य करण्याकडे होता. हार्वर्डमध्येही अध्यक्ष कोनंट मदतीचा पुरस्कार करीत होते, तर ‘क्रिमसन’ हे विद्यार्थ्यांचे पत्र त्यांच्या विरुद्ध लिहीत होते. उलट, डार्टमथ महाविद्यालयातील चार्ल्स बोल्टे ह्या विद्यार्थ्याने एप्रिल १९४१ मध्ये तेथील विद्यार्थी-पत्रात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना अनावृत पत्र लिहिले आणि अमेरिकेने युद्धात उतरावे अशी मागणी केली.

बोल्टे लिहून थांबला नाही. त्याच वर्षी तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला आणि १९४२ साली एल अलामीनच्या रणांगणावर त्याने एक पाय गमावला. ब्रूस्टरनेही मार्च १९४१ मध्ये ‘लेंड-लीज’चा कायदा मंजूर होताच समिती सोडली आणि पुढे नौदलात वैमानिक म्हणून सेवा केली. विद्यार्थ्यांची मते म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी ह्या दोन चरित्रांकडे जरूर पाहावे.

ब्रूस्टरचे १९४० मधील मत चुकीचे होते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. हिटलरशी अलिप्ततेने वागून भागणार नव्हते. परंतु ते मत उघडपणे छापले गेले म्हणूनच त्याला उघड उत्तर देता आले. ज्यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचे निबंध तपासले आहेत, त्यांना हे सांगावयास नको की जो मुलगा चुकीचे पण स्वतःचे लिहितो त्याला शिकविता येते. जो गुरुजींना आवडेल तेवढेच लिहितो त्याचे काय करावे हे कोणालाच कळत नाही.

डिसेंबर १९४१ नंतर हा वाद मिटला. पुढच्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीचे वय अठरावर आले. जुलै १९४३ पासून नौदलाची व्ही-१२ शिक्षणयोजना सुरू झाली आणि तिचे सर्वांत मोठे पथक डार्टमथमध्ये होते. वर्गांत गणवेश दिसू लागले, सुट्ट्या आखडल्या. ‘क्रिमसन’ची जागा १९४३ साली ‘हार्वर्ड सर्व्हिस न्यूज’ने घेतली. त्यात बातम्या होत्या, अग्रलेख नव्हते. लिहिणारेच लढावयास गेले असता पत्राचा संसार आटोपता घ्यावा लागला, हे समजण्यासारखे आहे. जहाजांच्या हालचाली छापू नयेत, हेही कोणी नाकारणार नाही. पण गुपिते राखणे वेगळे आणि मते गिळणे वेगळे. हा भेद आपल्याकडील अनेक प्राचार्यांना आजही उमगलेला दिसत नाही.

हाच ब्रूस्टर १९६३ साली येलचा अध्यक्ष झाला. व्हिएतनामचे युद्ध पेटले तेव्हा विद्यापीठाचे धर्मोपदेशक विल्यम स्लोन कॉफिन सक्तीच्या भरतीला विरोध करण्यास तरुणांना उत्तेजन देत होते, आणि जानेवारी १९६८ मध्ये सरकारने त्यांच्यावर खटला भरला. भरतीविरोधाचा कॉफिन ह्यांचा मार्ग ब्रूस्टर ह्यांना मान्य नव्हता, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही. माजी विद्यार्थी संतापले होते, देणगीदार कुरकुरत होते. तरीही कॉफिन ह्यांना त्यांनी पदावरून दूर केले नाही.