कानाने वाचलेले पुस्तकही वाचलेलेच असते

आपल्या अभ्यासिकांच्या भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' हे शब्द ठळक रंगवलेले असतात. आमच्याही अभ्यासिकेत आहेत. गेल्या वर्षी त्या भिंतीखाली नववीतली एक मुलगी रोज संध्याकाळी येऊन बसायची. पुस्तक अगदी नाकाला लावून वाचायची. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी यायचे, कपाळ ठणकायला लागायचे. मग ती पुस्तक मिटून नुसती बसून राहायची. आम्हाला वाटले, पोरीचे अभ्यासात लक्ष नाही. आम्ही तिला दोनदा बोललोही. चष्मा लावूनसुद्धा तिला छापील अक्षर नीट दिसत नाही, हे तिच्या आजीने सांगितले तेव्हा आम्हाला कळले.

त्या दिवशी आम्हाला आमचीच लाज वाटली. नंतर आम्ही या विषयाची माहिती घेत गेलो. जे समजले आणि जिथे आपण सगळेच चुकतो आहोत, ते या पानावर मांडत आहोत.

आळशी नव्हे, अडलेली मुले

छापील पुस्तक फक्त पूर्ण अंध मुलांनाच बंद असते असे नाही. काहींची दृष्टी अधू असते, चष्म्यानेही ती पुरेशी सुधारत नाही. काहींचे डोळे चांगले असतात, पण अक्षरांची ओळख मेंदूत नीट जुळत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. काहींच्या हातात पुस्तक धरण्याचे, पान उलटण्याचे बळ नसते. चौघांची अडचण वेगळी आहे, पण पुस्तक चौघांनाही अडते.

घरात ही लक्षणे ओळखता येतात. मूल पुस्तक फार जवळ धरते, ओळ चुकते, फळ्यावरचे चुकीचे उतरवते, वाचताना डोके दुखते म्हणते. किंवा तोंडी विचारले तर सगळे फडाफडा सांगते, पण वाचायला-लिहायला बसवले की अडखळते, जोडाक्षरे गाळते. असे मूल दिसले तर आधी डोळे तपासून घ्या. शाळा-अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. शाळेत पथक येते तेव्हा मुलाला घरी ठेवू नका. डोळे ठीक निघाले आणि वाचन तरीही अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात ती होते. डिस्लेक्सिया चष्म्याने जात नाही, माराने तर नाहीच नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तके आणि लागणारी साधने मोफत द्यावीत, असे हा कायदा सरकारला सांगतो. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. पण यासाठी प्रमाणपत्र लागते. पुष्कळ घरे प्रमाणपत्र काढत नाहीत. "मुलीच्या नावावर शिक्का नको, उद्या सोयरीक जमायची नाही," असे आम्ही आपल्याच वस्तीत ऐकले आहे. आम्ही एवढेच विचारतो: कागद नसल्याने तिची नजर सुधारणार आहे का? तिचा हक्क तेवढा बुडेल.

पुस्तक बोलते कसे

ब्रेल लिपी जुनी आहे आणि आजही लागते. शब्दाचे शुद्धलेखन, गणिताची चिन्हे यांना बोटांखालचे अक्षर हवेच. पण ब्रेलचे पुस्तक जाड होते, एका पुस्तकाचे अनेक खंड होतात, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते ठेवायचे कुठे हाही प्रश्न असतो.

डिजिटल पुस्तक फोनमध्ये मावते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, पाठीमागचा रंग काळा आणि अक्षर पांढरे करता येते, फोनला ते मोठ्याने वाचायलाही लावता येते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय मिळते, सेटिंगमधल्या सुलभतेच्या भागात. ती चालू केली की बोट ठेवाल ते फोन बोलतो, आणि दोनदा टिचकी मारली की उघडतो. ज्याला थोडे दिसते त्याच्यासाठी 'सिलेक्ट टू स्पीक' जास्त सोपे: जेवढा मजकूर निवडाल तेवढाच वाचला जातो. मराठी आवाजही आहे. संगणकावर 'एनव्हीडीए' हा प्रोग्राम हेच काम करतो. तो ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केला आणि आजही फुकट मिळतो.

पुस्तके कुठून आणायची? ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारचा दिव्यांग विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांनी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. छापील मजकूर वाचता येत नाही याचा पुरावा दिला की सभासद होता येते आणि पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. मुंबईत वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधले दृष्टिहीनांसाठीचे केंद्र या कामात आहेत.

कायद्याची वाटही मोकळी आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. दिव्यांग माणसाला वाचता यावे म्हणून पुस्तकाचे सुलभ रूप तयार करायला आता प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्यातून नफा मात्र कमवायचा नाही. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. आपल्याच घरात, आपल्याच अंकात काय अडते आहे, ते आता बघू.

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे?

आम्ही त्या मुलीच्या फोनवर इतिहासाचा धडा लावून दिला, तेव्हा अभ्यासिकेतल्या एका जाणत्या काकांनी नापसंती दाखवली. "ऐकून कुठे अभ्यास होतो? ही पळवाट आहे. पोरांना वाचायची सवय राहणार नाही." काकांचा हेतू चांगला होता. पण आम्हाला ते पटले नाही.

वर्षावासात आपल्या विहारात काय होते? एकजण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, बाकीचे ऐकतात. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या आज्यांनी हा ग्रंथ असाच मिळवला. कुठला प्रसंग कुठल्या भागात आहे ते त्या आपल्याला सांगतात. त्यांना ग्रंथ माहीत नाही असे म्हणायची आपली हिंमत आहे का? जाणत्या माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. जे आजीला चालते ते नातीला का चालू नये?

खुद्द बाबासाहेबांचे डोळे अखेरच्या काळात अधू झाले होते. १९५४ साली ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. ज्यांनी आयुष्यभर पुस्तकांवर प्रेम केले, त्यांनाही नजरेने दगा दिला. पुस्तकाची ओढ आणि डोळ्यांची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाने तरी विसरू नये.

"पोरांच्या हाती मोबाईल नको" ही आयांची काळजी मात्र खरी आहे. त्यावर आमचे म्हणणे असे, की चष्मा असलेल्या मुलाचा चष्मा आपण काढून घेत नाही. या मुलीचा फोन तिचा चष्मा आहे. वेळ ठरवून द्या, शेजारी बसा, पण हिसकावून घेऊ नका. खरी अडचण वेगळीच असते. घरात फोन एकच, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परततो. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेत एक साधा फोन किंवा टॅब आणि दोन-तीन इअरफोन या मुलांसाठी वेगळे ठेवावेत. जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा यासाठी पुरेल. डीजेचा आवाज थोडा कमी झाला तरी चालेल.

आमची चूक

आता आमच्याबद्दल. १४ एप्रिलच्या विशेषांकाची पीडीएफ आम्ही मोठ्या अभिमानाने वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवली. त्या मुलीने ती फोनला वाचायला लावली. काही पानांवर फोन गप्पच राहिला, काही पानांवर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन बडबड करू लागला. कारण साधे होते. गप्प राहिलेली पाने म्हणजे पानांचे नुसते फोटो होते. बडबड झालेली पाने जुन्या फाँटमध्ये टाइप केली होती. त्यात दिसायला मराठी अक्षर असते, पण आत इंग्रजी कळ दडलेली असते. डोळ्याला ते मराठी दिसते, फोनला नाही.

आपल्या चळवळीतल्या किती पुस्तिका, स्मरणिका, भाषणे अशी आहेत, याचा विचार करा. आपण छापले, वाटले, पण या लेकरांपर्यंत ते पोहोचलेच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून लांब ठेवले, त्याच समाजाने नकळत का होईना, आपल्याच काही मुलांना अक्षराबाहेर ठेवावे, हे आम्हाला सहन झाले नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. पानांचे फोटो पाठवू नका. पाठवण्याआधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. मराठी नीट उमटले तर फोन बहुधा वाचेल. भलतेच काही उमटले तर वाचणार नाही. चित्राखाली चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहा. या अंकापासून आम्ही अंकाचा मजकूर युनिकोडमध्येही देणार आहोत. आपल्या मंडळांनी, प्रकाशकांनी आणि जयंती समित्यांनीही हे सुरू करावे, असा आमचा आग्रह आहे.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. एका कानात इअरफोन घालून ती त्याच भिंतीखाली बसते. दुसरा इअरफोन बहुतेक वेळा तिच्या आजीच्या कानात असतो. आजी म्हणते, "मला पण कळू दे, काय शिकवतात ते."

तुमच्या गल्लीत पुस्तक मिटून बसलेले असे एखादे मूल असेल. त्याला रागावण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, त्याला नेमके काय दिसते. आणि अभ्यासिकेत घेऊन या.

जय भीम.