झाडू कुणाच्या हातात?



मागच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एका मुलीचा सत्कार ठेवला होता. ती काही महिने जपानच्या हायस्कुलात शिकून परत आली. २०१८ साली जपानच्या शिक्षण मंत्रालयाने आशियातल्या हायस्कूलच्या मुलामुलींसाठी ‘काकेहाशी’ नावाची योजना काढली. काकेहाशी म्हणजे पूल. परक्या देशातल्या मुलाने जपानी कुटुंबात किंवा वसतिगृहात राहायचे आणि तिथल्या मुलांच्या वर्गात बसून शिकायचे. अशाच एका योजनेतून ही पोरगी गेली होती.

शाल-पुष्पगुच्छ झाल्यावर मी म्हणालो, “बेटा, भाषण नको. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळेत काय काय करायचीस, तेवढे सांग.”

ती सांगू लागली. शाळेच्या दारातच बाहेरचे बूट काढून कप्प्यात ठेवायचे आणि आत वापरायचे वेगळे बूट घालायचे. तास सुरू होताना वर्गाचा मॉनिटर “उठा, नमस्कार, बसा” म्हणतो. सगळा वर्ग वाकून नमस्कार करतो, आणि गुरुजीही वाकतात. पन्नास-पन्नास मिनिटांचे सहा तास. जेवणाचा डबा घरून न्यायचा. लहान मुलांच्या शाळेत जेवण शाळाच देते, आणि पाळीची मुले पांढरा अ‍ॅप्रन-टोपी घालून सगळ्या वर्गाला वाढतात. शाळा सुटल्यावर खेळ, गाणे, चित्रकला अशी मंडळे. घरी यायला अंधार पडायचा.

“आणि रोज शाळा झाडायची,” ती सहज बोलून गेली.

मागच्या ओळीतून एक आजी उठल्या. “अगं, झाडूच मारायचा होता तर एवढ्या लांब कशाला गेलीस? इथं काय कमी होता?”

चारदोन तरुण हसले. बायाबापड्या कुणी हसल्या नाहीत. आजींची सगळी हयात खराटा हातात धरण्यात गेली, हे सर्वांना ठाऊक होते.

पोरगी म्हणाली, “आजी, तिथं सगळेच झाडतात. भिंतीवर पाळीचा तक्ता असतो. या आठवड्यात आमच्या गटाकडे वर्ग, पुढच्या आठवड्यात जिना, मग संडास. माझ्या शेजारी एका डॉक्टरचा मुलगा फरशी पुसायचा. सरपण फडके घेऊन यायचे. कुणाची पाळी चुकत नाही.”

वाचकहो, मी खाली मान घालून बसलो होतो. मला माझी प्राथमिक शाळा आठवली. प्रार्थनेच्या आधी वर्ग झाडायला आम्ही तिघेच असायचो, तिघेही आमच्याच वस्तीतले. तक्ता नव्हता. गुरुजी नुसते आमच्याकडे बघायचे, आम्ही उठायचो. बाकीची पोरे धूळ खाली बसेपर्यंत बाहेर उभी. काम पंधरा मिनिटांचे, पण ते मला पुढे बी. कॉम. होऊन टेबल-खुर्ची मिळेपर्यंत पाठीवर जाणवत राहिले.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. त्यांना बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे. कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे.

म्हणजे कमीपणा झाडूत नाही. तो कुणाच्या हातात आणि कुणाच्या हुकमाने दिला जातो, त्यात आहे. सगळ्यांची पाळी लागली की ती शिस्त होते. ठराविक घरच्या पोरांचीच लागली की ती अस्पृश्यता होते, आणि ती घटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट केलेली आहे.

जपान म्हणजे स्वर्ग, असेही कुणी समजू नये. कातडी कमावणाऱ्या, जनावरे कापणाऱ्या लोकांना तिथेही पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली सरकारी हुकमाने हा भेद कागदावर मिटला, पण लग्नात आणि नोकरीत राहिलाच. मग १९२२ साली क्योटोत त्यांनी ‘सुईहेइशा’ ही आपली संघटना उभारली.

१९६१ साली कोची शहरातल्या नागाहामा भागात बुराकू वस्तीतल्या मातांनी पुढाकार घेतला. सक्तीचे शिक्षण मोफत असेल असे घटनेत लिहिले आहे, मग पुस्तके विकत का घ्यायची, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी पुस्तके घेण्यास नकार दिला. १९६३ साली कायदा झाला. १९६९ पर्यंत पहिली ते नववीच्या सर्व मुलांना, श्रीमंतांच्यासुद्धा, पुस्तके मोफत मिळू लागली. घटना हातात घेतलेल्या वस्तीतल्या बायांनी साऱ्या देशाच्या पोरांचे दप्तर भरले!

आता आपले बघू. आज मुलांना जेवायला वाढताना एवढेच विचारा, “वर्ग कुणी झाडला?” सगळ्यांची पाळी असेल तर आपल्या लेकरालाही खुशाल झाडू द्या, भांडू नका. आपलीच पोरे असतील तर गप्प बसू नका. चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा, पाळीच्या तक्त्याची मागणी करा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कारकुनाचा हा सल्ला विसरू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

आणि एक कबुली. कार्यक्रमाहून घरी आलो तर माझी मुलगी अंगण झाडत होती, मुलगा पलंगावर मोबाईल बघत पडला होता. तिला “बाजूला हो” म्हणालो आणि झाडू मुलाच्या हातात दिला. तो कुरकुरला. सौभाग्यवती म्हणाली, “आधी तुम्ही मारा, मग त्याला सांगा.”

आता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाळीचा तक्ता आहे. सोमवार माझा आहे.